आधी उघडी जागा झाका, मग फॉइलचं बघू

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. वर फळ्यांचं सीलिंग, त्याच्यावर रांगत जाता येईल एवढा माळा आणि सगळ्यात वर गडद रंगाचा पत्रा. एका खोलीत माझे वडील असतात, तिथे एसी आहे. दुसरीत फक्त पंखा. उन्हाळ्यात दुपारनंतर दोन्ही खोल्या तापतात आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत. सीलिंगवर आधीच्या मालकांनी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर, अंथरलं आहे, साधारण चार बोटं जाड. पण ते काही ठिकाणी दबलंय, काही ठिकाणी नाहीच. आता एक विक्रेते माळ्यावर चंदेरी फॉइल घालून देतो म्हणतात. त्यांनी बल्ब लावून दाखवलं. बल्बसमोर हात धरला की चटका बसतो, मध्ये फॉइल धरली की काहीच लागत नाही. "अंतराळात वापरतात तेच तंत्र आहे, विजेचं बिल 40 टक्क्यांनी उतरेल, हिवाळ्यात ऊबही टिकेल," असं म्हणाले. फॉइल ग्लासवूलवरच पसरायची, एका दिवसात काम होतं म्हणे. खर्च मात्र मोठा आहे. मिस्टर म्हणतात, पैसे पाण्यात जातील. मला वडिलांची काळजी वाटते. काय करावं?

उत्तर

ताई, नमस्कार. त्या बल्बपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या घरातला मतभेद तिथूनच सुरू झालेला दिसतो. प्रयोग खरा आहे, त्यात हातचलाखी नाही. फक्त तुमच्या माळ्यावर बल्ब आणि हात यांच्यामध्ये घडतं त्याखेरीज आणखीही बरंच काही घडतं.

शाळेत आपण शिकलो होतो की उष्णता तीन वाटांनी जाते. पदार्थातून सरकत जाते ते वहन, हवेबरोबर वाहत जाते ते अभिसरण, आणि मध्ये काही नसलं तरी किरणांच्या रूपात झेपावते ते प्रारण. फॉइल अडवते ती यातली तिसरी वाट. ती मात्र जबरदस्त अडवते. रंग दिलेला पत्रा, लाकूड, ग्लासवूल, आपली त्वचा, असले सगळे पृष्ठभाग तापले की त्या तापमानाला जेवढी उष्णता किरणांतून बाहेर पडणं शक्य असतं, तिच्या सुमारे 90 टक्के बाहेर टाकतात. स्वच्छ ॲल्युमिनिअम टाकतं 3 ते 5 टक्के. भर दुपारी पत्रा आतून 65 अंश सेल्सिअस झाला आणि त्याच्याखालचा पृष्ठभाग 35 अंशांवर असला, तर दोघांमध्ये दर चौरस मीटरला जवळजवळ 190 वॅट उष्णता नुसत्या प्रारणाने खाली येऊ शकते. मध्ये चकचकीत फॉइल आली की हाच आकडा 11-12 वॅटवर येतो. तुमच्या हाताला जाणवला तो हाच फरक. म्हणून "पैसे पाण्यात जातील" हे मिस्टरांचं म्हणणं मला सरसकट पटत नाही.

पण विक्रेत्यांचं म्हणणंही पटत नाही, आणि ते का हे नीट सांगायला हवं.

अंतराळाचा दाखला आधी बाजूला करू. 1973 साली स्कायलॅब या अवकाशस्थानकाचं संरक्षक कवच उड्डाणातच उखडलं आणि आतलं तापमान भलतंच चढलं. अंतराळवीरांनी वर पोहोचून छत्रीसारखा एक चकचकीत पडदा बाहेर उघडला आणि आतली उष्णता उतरली. गोष्ट खरीच आहे. पण तिथे हवा नाही, म्हणून वहन आणि अभिसरण या दोन वाटा बंदच. उरते ती एकच वाट आणि ती फॉइलने अडते. थर्मासचंही तसंच. आतल्या काचेला चंदेरी मुलामा असतो, पण दोन भिंतींमधली हवाही काढून टाकलेली असते. तुमच्या माळ्यावर हवा आहे. पत्रा त्या हवेला तापवतो, तापलेली हवा ग्लासवूलला टेकलेली असते, आणि हा रस्ता फॉइल बंद करू शकत नाही.

आता खरा प्रश्न. फॉइलमुळे माळ्याच्या तळाचा, म्हणजे तुमच्या ग्लासवूलचा वरचा पृष्ठभाग काही अंशांनी थंड राहील. 10 अंशांनी राहील असं धरू, म्हणजे विक्रेत्यांवर अन्याय नको. त्या 10 अंशांचा फायदा खाली खोलीत किती पोहोचेल, हे मधल्या थरावर ठरतं. चार बोटं, म्हणजे 8 सेंटिमीटर चांगल्या ग्लासवूलची उष्णतारोधकता, म्हणजे दर चौरस मीटरला 1 वॅट उष्णता पलीकडे जायला दोन्ही बाजूंत किती अंशांचा फरक लागतो तो आकडा, साधारण 2 भरते. 10 ला 2 ने भागा: दर चौरस मीटरला 5 वॅट. वडिलांची खोली 15 चौरस मीटरची असली तर 75 वॅट. एसी एक भाग वीज घेऊन साधारण तीन भाग उष्णता बाहेर काढतो, तेव्हा विजेची बचत झाली 25 वॅट. रोज आठ तास एवढी तापलेली वेळ धरली तर दिवसाला 0.2 युनिट. ग्लासवूल 20 सेंटिमीटर जाड असतं तर हाच आकडा 0.08 युनिट झाला असता. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्याची दिशा चुकीची नाही. खाली जितकं जाड इन्सुलेशन, तितकं फॉइलला करायला काम कमी उरतं.

मग फॉइलने खरोखर मोठा फरक पडलेली घरं असतात ती कुठली? जिथे सीलिंगवर काहीच नसतं. वर उघडा पत्रा, खाली पातळ फळी किंवा बोर्ड, मध्ये नुसती हवा. तिथे प्रारण थेट फळीवर आदळतं, फळी तापते, आणि तापलेली फळी खाली झोपलेल्या माणसावर तीच उष्णता टाकत राहते. अशा घरात फॉइल घातल्यावर पहिल्याच दुपारी फरक जाणवतो. एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवा नेणारे नळ, तापलेल्या माळ्यातून गेलेले असतील तरी फायदा बराच वाढतो, कारण थंड हवा खोलीत पोहोचायच्या आधीच गरम होत असते. तुमच्याकडे डक्ट नाहीत असं पत्रावरून वाटतं.

त्या 40 टक्क्यांबद्दलही दोन ओळी. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं सांगणं असं की उष्ण आणि भरपूर उन्हाच्या हवामानात अशा फॉइलने घर थंड ठेवण्याच्या खर्चात 5 ते 10 टक्के घट होऊ शकते. थंड ठेवण्याच्या खर्चात, हे शब्द महत्त्वाचे. फ्रिज, दिवे, पंप, गीझर यांना माळ्याशी काही देणंघेणं नाही. उन्हाळ्यातल्या बिलात एसीचा वाटा 40 टक्के असेल, तर एकूण बिलातली घट 2 ते 4 टक्के. विक्रेत्यांना विचारा की तुमचे 40 टक्के कशाचे? माळ्यातल्या उष्णतेचे, एसीच्या खर्चाचे, की अख्ख्या बिलाचे? आणि उत्तर लेखी मागा. प्रामाणिक माणूस असेल तर या प्रश्नावर रागावणार नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले: "काही ठिकाणी दबलंय, काही ठिकाणी नाहीच." ताई, तुमच्या घराचं उत्तर या वाक्यात आहे. उघडी फळी ही ग्लासवूल असलेल्या भागापेक्षा पाच-सहा पट उष्णता खाली सोडते. सीलिंगचा दहावा हिस्सा जरी उघडा असला, तरी हिशेब असा होतो: नऊ हिस्से एकेक पट, एक हिस्सा सहा पट, एकूण पंधरा. सगळीकडे नीट झाकलेलं असतं तर दहा. म्हणजे दहा टक्के उघड्या जागेमुळे सीलिंगमधून येणारी उष्णता दीडपट! दबलेल्या ठिकाणी जाडी कमी झालेली असते, तिथेही हीच गळती, फक्त थोडी कमी. शिवाय फळ्यांच्या फटी, दिव्यांच्या आणि पंख्याच्या हुकाच्या भोवतालची भोकं, माळ्यावर चढायच्या झडपेच्या कडा. तिथून तापलेली हवाच खाली येते, आणि हवा येत असेल तर तिला ग्लासवूलही अडवत नाही, फॉइलही नाही.

म्हणून माझा क्रम असा असता. आधी फटी आणि भोकं बुजवणं. मग उघड्या जागा भरणं, दबलेलं ग्लासवूल बदलणं, आणि जमलं तर सगळीकडे आणखी एक थर देऊन जाडी दुप्पट करणं. ओलं झालेलं किंवा उंदरांनी घर केलेलं ग्लासवूल मात्र वर नवा थर टाकून झाकू नका, काढून टाका. हे काम करताना तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. काचेचे तंतू घशाला आणि कातडीला फार त्रास देतात. या कामात दाखवण्यासारखं काही नसतं. बल्बसारखा प्रयोगही करता येत नाही. म्हणूनच बहुधा ते विकायला कुणी दारात येत नाही.

एवढं करूनही पैसे उरले आणि इच्छा असली, तर फॉइलचा विचार करा. पण ग्लासवूलवर पसरून नको. एक तर वर तोंड करून पडलेल्या फॉइलवर धूळ बसते. धुळीचा थर म्हणजे पुन्हा तोच 90 टक्केवाला पृष्ठभाग, त्यामुळे काही वर्षांतच चकाकीचा उपयोग बराचसा संपतो. दुसरं म्हणजे ओल. थंडीच्या दिवसांत खोलीतली वाफ वर चढते, ग्लासवूलमधून जाते आणि गार फॉइलच्या खालच्या अंगाला तिचं पाणी होतं. ओलं ग्लासवूल उष्णता अडवणं सोडून देतं आणि फळ्यांना बुरशी धरते. त्यामुळे फॉइल वाशांच्या खालून ताणून बसवावी, चकाकणारी बाजू खाली माळ्याकडे, म्हणजे तिच्यावर धूळ बसत नाही. चकाकी खाली असली तर ती परावर्तन काय करणार, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. अशा वेळी ती आलेली उष्णता परत फेकत नाही, स्वतः तापली तरी उष्णता खाली टाकत नाही. परिणाम तोच. पत्रा आणि फॉइलच्या मध्ये हवेला खालून शिरायला आणि वरून निघायला वाट ठेवा.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे बघा. चकाकणाऱ्या बाजूसमोर मोकळी हवा हवीच, निदान 2 ते अडीच सेंटिमीटर. हे मी माझ्या घराच्या अनुभवाने सांगते. आमच्याकडे कामगारांनी फॉइल पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये दाबून बसवली, दोन्हीकडून घट्ट. दिसायला काम सुबक झालं. पण ॲल्युमिनिअम उष्णतेचं उत्तम वाहक आहे. दोन वस्तूंच्या मध्ये दाबलेली फॉइल काहीच अडवत नाही, उष्णता तिच्यातून सरळ पलीकडे जाते. त्या उन्हाळ्यात खोली पूर्वीइतकीच तापली, आणि मला कारण कळेपर्यंत प्लायवूडवर रंगही लागला होता. ज्यांनी काम केलं त्यांनाही हा नियम माहीत नव्हता. म्हणून कामाच्या दिवशी स्वतः शिडीवर चढून बघा, किंवा मिस्टरांना चढवा. बुडबुड्यांची फॉइल आणली असेल तर तिलाही हाच नियम. चार मिलिमीटरच्या बुडबुड्यांनी 8 सेंटिमीटर ग्लासवूलची जागा घेता येत नाही, मग छापील कागदावर काहीही आकडा असो.

हिवाळ्यातल्या उबेचं आश्वासन तर फारच पातळ आहे. उन्हाळ्यात उष्णता वरून खाली येते. गरम हवा वर आणि गार हवा खाली असली की हवा स्थिर राहते, अभिसरण जवळजवळ होत नाही, आणि प्रारण अडवण्याचं महत्त्व वाढतं. हिवाळ्यात उष्णता खालून वर जाते, गरम हवा स्वतःच उठून तिला वर घेऊन जाते, आणि ही वाट फॉइलच्या हातात नाही. उबेसाठी उपयोगी पडतं ते जाड इन्सुलेशन आणि बुजवलेल्या फटी.

विजेबद्दल कळकळीने सांगते. फॉइल धातूची आहे. माळ्यावरून वायरी गेलेल्या असतात, जुन्या असतात, कुठे सालपट निघालेलं असतं. ऑस्ट्रेलियात 2009 साली सरकारने घरोघरी छताखाली इन्सुलेशन बसवण्याची मोठी योजना काढली होती. त्या कामात चार तरुण कामगारांचे जीव गेले, तिघांचे विजेच्या धक्क्याने आणि एकाचा उष्माघाताने. धक्क्याने गेलेल्यांपैकी दोघे फॉइल बसवत होते. फेब्रुवारी 2010 मध्ये आधी फॉइलचं काम थांबवलं गेलं आणि त्याच महिन्यात सगळी योजनाच बंद झाली. 2014 साली चौकशी आयोगाने या मृत्यूंवर अहवाल दिला. धातूची एक पिन वायरीत घुसली की अख्खी फॉइल जिवंत तार होते, आणि माणूस तिच्यावर गुडघ्यांवर बसलेला असतो. म्हणून फॉइल असो वा ग्लासवूल, माळ्यावर काम सुरू करण्याआधी चांगल्या वायरमनकडून वायरी तपासून घ्या. काम चालू असताना घराचा मुख्य स्विच बंदच ठेवा, बॅटरीच्या उजेडात काम करू द्या. आणि ते पहाटे उरकू द्या. तापलेल्या पत्र्याखाली भर दुपारी कुणालाही वर पाठवू नका, तो कामगार कितीही तयार असला तरी.

तुमचा पत्रा गडद आहे, म्हणून आणखी एक पर्याय त्याच पैशांच्या रांगेत उभा करा. गडद पत्रा उन्हातली 80 ते 90 टक्के ऊर्जा शोषतो. चांगला पांढरा परावर्तक रंग नवा असताना 70 ते 80 टक्के परत फेकतो. उष्णता घरात शिरल्यावर तिला अडवण्यापेक्षा ती बाहेरच परतवणं मला नेहमी जास्त शहाणपणाचं वाटतं. मात्र रंग मळतो, धुवावा लागतो, काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. गंजलेल्या पत्र्यावर तर आधी गंज काढायचंच काम मोठं असतं. फॉइलचा आणि या रंगाचा, दोन्हींचा खर्च मागवून बघा.

आणि निर्णय घेण्याआधी मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, बंदुकीसारखा रोखून तापमान दाखवणारा. तो कुणाकडून आणता आला तर एखाद्या कडक उन्हाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला खोलीत उभं राहून सीलिंगवर वीतवीत अंतराने रोखत जा, तसाच भिंतींवर आणि खिडकीच्या काचेवरही. जिथे ग्लासवूल नाही ते तुकडे लगेच उठून दिसतील. सीलिंग सगळीकडे भिंतींपेक्षा एक-दोन अंशच गरम निघालं आणि पश्चिमेची भिंत किंवा काच मात्र तापलेली निघाली, तर तुमचा शत्रू माळ्यावर नाहीच. मग पैसे खिडकीच्या बाहेरच्या पडद्यावर किंवा सावलीवर घाला. हे यंत्र चकचकीत फॉइलवर रोखू नका. ते फॉइलचं तापमान दाखवत नाही, फॉइलमध्ये प्रतिबिंबित झालेल्या वस्तूंचं दाखवतं, आणि आकडा खोटाच थंड येतो. फॉइलवर मोजायचंच असेल तर आधी तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर रोखा. विक्रेते हे यंत्र घेऊन आले आणि फॉइल किती थंड आहे ते दाखवू लागले, तर त्या आकड्यावर भाळू नका.

खर्च वसूल होईल का, हे काढायला फार गणित नको. एकूण खर्चाला वर्षभरातल्या बचतीने भागा, तेवढी वर्षं लागतात. माझ्या वरच्या हिशेबाने दिवसाला 0.2 युनिट, तीही वर्षातले तीन-चार महिने. एका वर्षाला 18 ते 24 युनिट झाले. तुमच्या दराने त्यांची किंमत काढून विक्रेत्यांच्या आकड्याला भागून बघा. एसीच्या खोलीत फॉइलचा खर्च नुसत्या बिलातून भरून निघेल असं मला दिसत नाही, आणि त्याबाबतीत मिस्टर बरोबर आहेत.

पंख्याच्या खोलीचं गणित मात्र बिलाने करू नका. तिथे वाचवायला वीजच नाही. तिथे सीलिंगचा पृष्ठभाग दोन-तीन अंशांनी उतरला तर डोक्यावरची धग कमी होते, झोप लागते, आणि त्याला युनिटमध्ये किंमत लावता येत नाही. फॉइल करून बघायचीच असेल तर आधी त्याच खोलीच्या वर करा. पण ग्लासवूल नीट केल्यानंतर. मध्ये एक-दोन आठवडे जाऊ द्या आणि तीनच वाजता पुन्हा मोजा. फॉइल घातल्यावर आणखी एकदा मोजा. तिन्ही वेळा ऊन साधारण सारखं असू द्या, नाहीतर ढगाळ दिवसाचं श्रेय फॉइलला जाईल. विक्रेते "सवलत आजच्यापुरतीच" म्हणाले तर खुशाल जाऊ द्या. तुमच्या ग्लासवूलमधली उघडी जागा सवलतीने भरून निघणार नाही.

वडिलांचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते आणि शरीर तापल्याचंही उशिरा कळतं. माळ्याचं काम व्हायला दिवस लागतील. तोवर दुपारी त्यांचं अंथरूण खालच्या मजल्यावर घाला, आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की वरच्या खिडक्या समोरासमोर उघडून एक पंखा बाहेरच्या दिशेने लावून ठेवा. ते जिना चढायच्या आत खोली निवलेली असेल.